विनावेतन विद्याव्यासंग : वि. का. राजवाडे यांची लेखनचर्या

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याला विश्वनाथ काशिनाथ राजवाडे तुकड्यातुकड्यांनी भेटतात. भाषाविज्ञानाच्या अभ्यासपत्रिकेत त्यांची एखादी व्युत्पत्ती येते, कादंबरीच्या समीक्षेत १९०२ सालचा ‘कादंबरी’ हा निबंध येतो, प्राचीन वाङ्मयाच्या संदर्भात त्यांच्या ज्ञानेश्वरीच्या प्रतीचा वाद निघतो. हे सारे लिहिणारा माणूस कोणत्याही महाविद्यालयाच्या, सरकारी खात्याच्या वा संस्थानाच्या वेतनावर नव्हता, याची नोंद चरित्रकार भक्तिभावाने करतात आणि पुढे जातात. वस्तुतः थांबावयाचे ते येथेच. राजवाड्यांच्या लेखनाचे स्वरूप, त्यातील सामर्थ्य आणि त्यातील अडचणीची ठिकाणे या स्वतंत्र वृत्तीशी फार जवळून निगडित आहेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

त्यांचा जन्म १८६३ सालचा. पितृछत्र बालपणीच हरपले आणि पुण्याजवळील वडगाव येथे आप्तांच्या आश्रयाने ते वाढले. वडील बंधू वैजनाथ काशिनाथ हे पुढे निरुक्ताचे व्यासंगी म्हणून प्रसिद्धीस आले. विश्वनाथरावांचे महाविद्यालयीन शिक्षण रखडत झाले, १८९०च्या सुमारास ते बी.ए. झाले. नेमलेल्या पुस्तकांत त्यांचे मन रमले नाही, डेक्कन कॉलेजात असताना ग्रंथालयाचा उपयोग त्यांनी मुख्यतः स्वतःच्या वाचनासाठी केला. आपल्या शालेय व महाविद्यालयीन अनुभवांवर त्यांनी पुढे एक परखड निबंध लिहिला. तत्कालीन शिक्षणाचा इतिहास अभ्यासणाऱ्याने तो अवश्य वाचावा. न्यू इंग्लिश स्कूलमधील शिक्षकाची नोकरी त्यांनी थोडकी वर्षे केली. पत्नी अकाली निवर्तली, पुन्हा विवाह त्यांनी केला नाही. नोकरी सुटली ती कायमचीच.

१८९४ साली त्यांनी ‘भाषांतर’ हे मासिक काढले. पाश्चात्त्य ग्रंथ मराठीत आणणे हा त्याचा हेतू होता. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चे भाषांतर त्यांनी स्वतः केले. मासिक फार काळ टिकले नाही, परंतु मराठीखेरीज अन्य भाषेत लिहावयाचे नाही हा त्यामागील निर्धार अखेरपर्यंत टिकला. इंग्रजीत लिहिले असते तर त्यांच्या प्रमेयांची परीक्षा देशोदेशीच्या पंडितांकडून झाली असती, हा आक्षेप खरा आहे. पण मराठीत शास्त्रीय गद्याची जी घडण त्यांच्या हातून झाली, ती मग झाली नसती हेही तितकेच खरे.

यानंतर आली ती कागदांची भ्रमंती. वाईस पेशवेकालीन पत्रांचा संग्रह हाती लागला आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रकाशित झाला. पुढे सुमारे दोन दशकांत बावीस खंड निघाले. त्यांतील काही कोल्हापूरच्या विष्णु गोविंद विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाले’तून आले. एवढ्या कामामागची दिनचर्या कमालीची साधी होती. गावोगाव हिंडावे, बऱ्याच वेळा पायीच, वस्त्रे मोजकी, स्वयंपाक स्वतःच्या हाताने. जुन्या वाड्यांच्या माळ्यावर रुमालांत बांधलेली दप्तरे धूळ, वाळवी आणि ओल यांच्या हवाली झालेली असत; काही कागद वाण्याच्या पुड्यांनाही लागत. घरमालक दप्तर दाखवावयास सहजासहजी राजी होत नसत. इनाम कमिशनच्या चौकशा लोकांच्या स्मरणात होत्या आणि कागद बाहेर गेला म्हणजे वतनावर गदा येईल, ही धास्ती निराधार नव्हती. अशा घरी पुनःपुन्हा जावे, विश्वास संपादावा, मोडी कागद वाचून त्यांतील महत्त्वाचे निवडावेत व बालबोधीत उतरवून घ्यावेत, असा हा क्रम होता. सरकारी अधिकाराचे पत्र जवळ नसलेल्या फकिरापुढे जे दप्तर सुटले, ते एखाद्या साहेबापुढे सुटले असते काय, याची शंकाच आहे.

येथे एक वाङ्मयीन मुद्दा लक्षात घ्यावयास हवा. राजवाड्यांनी मराठ्यांचा सलग इतिहास कधीच लिहिला नाही. त्यांचे श्रेष्ठ लेखन प्रस्तावनांत आहे. हाती आलेले कागद तातडीने छापून सुरक्षित करावेत, आणि त्या निमित्ताने सुचलेले सारे त्यांच्या अग्रभागी मांडावे, ही त्यांची रीत होती. पुढच्या खंडाला पैसा मिळेल की नाही याचीच जेथे शाश्वती नाही, तेथे दहा वर्षे चालणाऱ्या ग्रंथाची आखणी कोण करणार? त्यामुळे प्रस्तावना हा प्रकार त्यांच्या हाती फुगला, विषयांतरांनी समृद्ध झाला. पहिल्या खंडाची पानिपतविषयक प्रस्तावना म्हणजे एक स्वतंत्र प्रबंधच होय. गोविंदपंत बुंदेले व मल्हारराव होळकर यांच्यावर तीत ठेवलेला दोष पुढे त्र्यंबक शंकर शेजवलकरांसारख्यांनी पुन्हा तपासला; परंतु तपासावयास आवश्यक ती पत्रे राजवाड्यांनीच पुरविली होती. त्याच प्रस्तावनेत बखरींच्या अविश्वसनीयतेवर त्यांनी कठोर प्रहार केले. गंमत अशी की १९२४ साली त्यांनी संपादिलेला एक महत्त्वाचा ग्रंथ ‘महिकावतीची बखर’ हा आहे, आणि तिच्यातून त्यांनी उत्तर कोकणच्या वसाहतीचा इतिहास मोठ्या उत्साहाने उभा केला!

साधनांच्या आणखी एका प्रस्तावनेत त्यांनी फारसीच्या प्रभावाचे मोजमाप केले. १६२८, १६७७ आणि १७२८ या सालांची तीन पत्रे घेऊन त्यांतील शब्द मोजले. मराठी शब्दांचे प्रमाण पहिल्या पत्रात सुमारे १४ टक्के, दुसऱ्यात ६२ आणि तिसऱ्यात ९३ टक्क्यांच्या पुढे निघाले. आपल्याकडे भाषेतिहासात गणिताचा असा उपयोग त्यापूर्वी क्वचितच झाला असेल. पण तीन पत्रांवर शंभर वर्षांचा निष्कर्ष! शेजारी बसणारा एखादा चिकित्सक सहकारी असता, तर त्याने आणखी तीस पत्रे मागितली असती. आजही वर्गात ही आकडेवारी पत्रांची संख्या न सांगता दिली जाते. हा दोष मात्र राजवाड्यांच्या माथी मारता येणार नाही.

ज्ञानेश्वरीच्या बाबतीत ही उणीव अधिक महागात पडली. बीड येथील पाटांगणात मिळालेली प्रत एकनाथपूर्व आहे, असे प्रतिपादन करून ती त्यांनी १९०९ साली छापली व तिच्या आधारे ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरणही सिद्ध केले. मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणाचा तो पाया ठरला. परंतु मूळ हस्तलिखित अभ्यासकांना तपासावयास उपलब्ध राहिले नाही. राजवाड्यांनी संतापाच्या भरात ते नष्ट केले, अशी हकीकत सांगतात. ती खरी असो वा नसो, परिणाम एकच झाला. प्रतीच्या प्राचीनत्वाविषयीची शंका कायमची मागे राहिली आणि व्याकरणाच्या प्रत्येक सूत्राला ती चिकटली. ग्रंथालयाच्या नोंदवहीत चढलेली प्रत एका माणसाच्या रागलोभावर अवलंबून राहत नाही.

संस्थेची गरज त्यांना कळत नव्हती असे नाही. ७ जुलै १९१० रोजी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साह्याने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्याचे प्रवर्तक राजवाडेच. महानुभावांच्या सांकेतिक लिपीचा उलगडा करून त्यांनी मराठीच्या आद्य गद्याचे दार उघडले, तेही याच सुमारास. पण संस्था चालविण्यास लागणारी तडजोड त्यांच्या स्वभावात नव्हती. सहकाऱ्यांशी मतभेद झाले, मंडळाशी दुरावा आला, आणि अखेरची वर्षे त्यांनी मुख्यतः धुळ्यास काढली. ‘राधामाधवविलासचंपू’ची प्रचंड प्रस्तावना (१९२२) आणि विवाहसंस्थेविषयीचे खळबळजनक निबंध याच उत्तरकाळातील होत. धातू आणि शब्दांच्या व्युत्पत्तींचे टिपणही अखंड चालू होते.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास त्यांचे निधन झाले. वारस म्हणून राहिले ते कागद. त्यांच्या जतनासाठी भास्कर वामन भट आदी मंडळींनी लगोलग राजवाडे संशोधन मंडळ उभारले. व्युत्पत्तींच्या टिपणांतून कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांनी ‘मराठी धातुकोश’ संपादून १९३७ साली प्रसिद्ध केला, त्यामागून नामादिशब्दांचा व्युत्पत्तिकोशही निघाला. एकट्याने जमविलेल्या सामग्रीवर दुसऱ्या जाणकाराचा हात फिरण्याचा योग तिच्या कर्त्याच्या मृत्यूनंतर आला. पुढे १९४६ साली कुलकर्ण्यांनी आपला स्वतःचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ प्रकाशित केला, आणि त्यात राजवाड्यांच्या व्युत्पत्ती कोठे स्वीकारल्या, कोठे टाळल्या, हे शब्दशः ताडून पाहण्याचे काम एखाद्या विद्यार्थ्याने हाती घेण्याजोगे आहे.