पेन्शनीनंतरचे सुभेदार रामजी



आपल्या वर्धा जिल्ह्यात फौज ही काही परकी गोष्ट नाही. पुलगावला दारूगोळ्याचा मोठा डेपो आहे. १९४१ साली महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, तेव्हा तिची दुसरी पलटण जवळच कामठीला उभारली गेली. पेन्शन घेऊन आलेला माणूस तुमच्याही नात्यात, नाहीतर शेजारात असेल. अशा माणसाबद्दल आपण सहज म्हणतो की, बंदूक सुटली, आता हा कोठेतरी पहारेकरी होईल. पण पलटणीने त्याला फक्त बंदूकच शिकवली काय? सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे आयुष्य या प्रश्नासाठी पाहावे. बाबासाहेबांचे वडील म्हणून आपण त्यांच्या तसबिरीला हात जोडतो. नोकरी संपल्यावर त्यांनी काय केले, हे मात्र घराघरांत सांगितले जात नाही.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. वडील मालोजी हेही फौजेतच होते. त्या काळच्या लष्करात शिपायांना व त्यांच्या मुलाबाळांना शिक्षण सक्तीचे असे. गावच्या शाळेची पायरी ज्यांना चढू देत नव्हते, त्यांच्या मुली छावणीत लिहावाचायला शिकल्या, हे ध्यानात घ्या. रामजींनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकी पेशाचे शिक्षण घेतले आणि पुढे सुमारे चौदा वर्षे ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. म्हणजे हा सुभेदार मूळचा मास्तर! १८९१ साली महू येथे चौदावे अपत्य भीमराव जन्मले, तेव्हा ते याच कामावर होते.

१८९४ च्या सुमारास नोकरी संपली. पेन्शन महिना पन्नास रुपये. घरात खाणारी तोंडे पुष्कळ. त्याच सुमारास महारांची लष्करभरती सरकारने बंद केली होती. म्हणजे ज्या वाटेने बाप वर आला, ती वाट मुलांना उरली नव्हती. काही काळ दापोलीस काढून रामजी साताऱ्याला आले आणि बांधकाम खात्यात स्टोअरकीपर झाले. चौदा वर्षे शाळा चालवलेल्या माणसाला छावणीबाहेर शाळेत नव्हे, कोठारात जागा मिळाली. मला स्वतःला ही गोष्ट बोचते. परंतु एकेका वस्तूची नोंद आणि आण्या-पैचा हिशेब ही शिस्त पलटणीत अंगी मुरलेली होती. तिच्यावर त्यांनी संसार चालवला. १८९६ साली भीमाबाई गेल्या.

पुढे दुष्काळ पडला. खटाव तालुक्यातील गोरेगावला भुकेलेल्यांना काम मिळावे म्हणून सरकारने तलावाचे खोदकाम काढले. तेथे रामजी कॅशियर होते. सरकारने त्यांच्या हाती तिजोरी विश्वासाने दिली. समाजाने काय दिले ते पाहा. १९०१ साली भीमराव, भाऊ व दोन भाचे नवे कपडे घालून त्यांना भेटायला आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरले. येत असल्याचे पत्र मुलांनी आधी धाडले होते, पण शिपायाने ते रामजींना दिलेच नाही, म्हणून न्यायला कोणी आले नाही. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर. जवळ जेवण होते, पण रात्रभर पाणी मिळाले नाही. सुभेदाराच्या हुद्द्याने मुलांना घोटभर पाणी मिळवून दिले नाही!

मग रामजींनी आपली मास्तरकी घरात चालवली. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतरमाला त्यांनी भीमरावांकडून घोटून घेतली. १९०४ च्या सुमारास बिऱ्हाड मुंबईला परळच्या डबक चाळीत आले. खोली एकच. तीतच चूल, तीतच सरपण. मुलाने लवकर निजावे, रात्री दोन वाजता बापाने त्याला उठवून अभ्यासाला बसवावे आणि मग स्वतः अंग टाकावे. पहाऱ्याची पाळी बदलते तसेच हे होते. मुलाने नवे पुस्तक मागितले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात, दागिना मागून आणत, गहाण टाकत आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत करत.

तेव्हा घरात सारे गोडच होते असे मात्र समजू नका. रामजींनी दुसरे लग्न केले, ते भीमरावांना मुळीच रुचले नव्हते. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून या मुलाने मुंबईला पळून गिरणीत काम करण्याचा बेत केला होता.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, पुढे बी. ए. झाले आणि जानेवारी १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले. मुलाने तेथे जावे हे रामजींना पसंत नव्हते. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. वाटेत सुरतेला भीमराव वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी ते घरी पोहोचले. रामजींची नजर त्यांनाच शोधत होती. मुलाच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जुलैत त्यांचा विद्यार्थी न्यूयॉर्कला उतरला.