पालीचा अभ्यासक्रम उभा करणारे धर्मानंद कोसंबी



खारेपाटणचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते ताम्रपटामुळे. इ. स. १००८ मध्ये शिलाहार राजा रट्टराज याने शिवमंदिराला गावे दान दिली, त्याची ती नोंद संस्कृतात आहे. पुढे नऊ शतके लोटली, तरी परमपूज्य बाबासाहेबांना हायस्कुलात संस्कृत घेता आले नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. आज तुमची मुलगी एस. एस. सी.ला पाली हा विषय घेऊ शकते. ही सोय कोणाच्या कष्टातून झाली हे तिला ठाऊक असावे, म्हणून हे चरित्र.

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे झाला. शिक्षण बेताचेच, मराठीपुरते. ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्यांच्या जिवाला चैन पडेना. १८९९ साली पत्नी व तान्ह्या मुलीला मागे ठेवून त्यांनी घर सोडले. घरच्यांवर काय गुजरली असेल, हेही आपण विसरू नये.

पुण्याहून ते काशीला गेले आणि अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. पण बुद्धवचन शिकविणारा गुरू काही भेटेना. नेपाळात निराशा झाली. अखेर १९०२ मध्ये त्यांनी सिंहलद्वीप गाठले. तेथे विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली ते पाली शिकले, आणि नंतर ब्रह्मदेशात राहिले. ज्या भूमीत धम्म जन्मला तेथे तो शिकायची सोय नव्हती. त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला!

परत आल्यावर कलकत्त्याच्या विद्यापीठात त्यांना पाली शिकविण्याचे काम मिळाले. तेथे मान होता, पगारही चांगला होता. तेवढ्यात बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी वेगळीच गोष्ट पुढे केली. महाराष्ट्रातील कोणत्याही गावी राहावे, वर्षाकाठी एक पुस्तक लिहावे, दरमहा ५० रुपये मिळतील. धर्मानंदांनी कलकत्ता सोडले. संसारी माणसाला हा हिशेब वेडेपणाचा वाटेल. परंतु मराठीत धम्म सांगायचा तर मराठी मुलखातच राहिले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे त्यांचे पुस्तक १९१० चे.

मुंबई विद्यापीठात पालीला जागा मिळावी यासाठी त्यांनी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे साहाय्य घेतले. विषय कागदावर आला तरी शिकविणार कोण? अमेरिकेत हार्वर्ड येथे ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाच्या संपादनाचे काम करून आल्यावर १९१२ पासून १९१८ पर्यंत ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवीत होते. हीच सहा वर्षे मला त्यांच्या आयुष्यात सर्वांत मोलाची वाटतात. त्यांच्या हाताखाली पु. वि. बापट, ना. के. भागवत, चिं. वि. जोशी असे विद्वान तयार झाले. जोशी म्हणजे तुम्हाला ‘चिमणराव’मुळे माहीत असलेलेच, त्यांनी पाली शिकणाऱ्यांसाठी पुस्तकही लिहिले. आधी शिकविणारे, मग पुस्तके, मग वर्ग, असा तो क्रम होता. पाली ग्रंथ सिंहली, ब्रह्मी वा रोमन लिपीत असत. धर्मानंदांनी ‘विसुद्धिमग्ग’ नागरीत आणला, तो १९४० मध्ये छापला गेला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. राज्यघटनेच्या २८ व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. पण पाली तेथे भाषा म्हणून शिकविता येते. त्रिशरण-पंचशील मुले घरी पाठ म्हणतात. त्यातील शब्दाचा अर्थ आणि विभक्ती त्यांना वर्गात कळते.

१९३० मध्ये धर्मानंद आपल्याच जिल्ह्यातील शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात होते. ते गांधीजींच्या मार्गाने गेले, बाबासाहेबांचा मार्ग निराळा. तरीही १९३७ मध्ये परळच्या कामगार वस्तीत त्यांनी विहार उभारला, त्याचे नाव ‘बहुजन विहार’ ठेवले.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे उपोषणाने त्यांनी देह ठेवला. पाली शिकण्यासाठी विद्यार्थ्यांना सिंहलद्वीपास पाठविण्याची सोय व्हावी, अशी इच्छा त्यांनी अखेरीस सांगून ठेवली होती.