वेलोसिओ : एका गिअरवर समाधान न मानणारा माणूस

सायकलच्या दुकानात गेलात तर एक गंमत दिसेल. साध्या गिअरवाल्या सायकलवर मोठ्या अक्षरात '२१ स्पीड' लिहिलेलं असतं, आणि तिच्या कितीतरी पट महाग असलेल्या माउंटन बाइकला पुढे फक्त एकच चेनव्हील असतं! अनेक जण तर आपल्या तीन चेनव्हीलच्या सायकलचं 'सिंगल'मध्ये रूपांतर करून घेतात. मग एवढी वर्षं जास्त गिअर म्हणजे जास्त चांगली सायकल असं आपण समजत होतो, ते चूक होतं का? या प्रश्नाचं उत्तर शोधायचं असेल तर शंभर-सव्वाशे वर्षं मागे, फ्रान्समधल्या एका रेशीम व्यापाऱ्याकडे जावं लागतं. त्याचं नाव पॉल द विवी. पण सायकलवाल्यांच्या जगात तो ओळखला जातो 'वेलोसिओ' या टोपणनावाने.

त्याचा जन्म १८५३ साली दक्षिण फ्रान्समधल्या पेर्न या गावी झाला. घरची परिस्थिती उत्तम. शिक्षण साहित्याचं, म्हणजे इंजिनिअरिंगशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता! (हे वाचून आपल्याला थोडं वाईट वाटायला हरकत नाही.) पुढे तो रेशमाच्या धंद्यात शिरला आणि तिशीच्या आत स्वतःची पेढी काढून बसला. सगळं कसं व्यवस्थित चाललेलं. पण १८८१ मध्ये त्याने पहिली सायकल घेतली आणि तिथेच गाडी रुळावरून घसरली.

ती सायकल म्हणजे पुढचं चाक भलंमोठं आणि मागचं एवढंसं, अशी उंच सायकल. तिला चेन नव्हती. पॅडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेलं. पॅडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, त्यामुळे वेग हवा असेल तर चाकच मोठं करायचं. आणि चाक किती मोठं करणार, तर आपले पाय पोचतील तेवढंच. नंतर चेनवाल्या सायकली आल्या आणि हा प्रश्न सुटला. आता चाक लहान ठेवूनही पुढच्या आणि मागच्या चक्राच्या दातांचं प्रमाण बदललं की काम भागायला लागलं.

रेशमाच्या कामासाठी विवीच्या इंग्लंडला चकरा व्हायच्या. तिथलं कॉव्हेंट्री शहर तेव्हा सायकल उद्योगाची पंढरी होतं. १८८७ साली त्याने सरळ रेशमाचा धंदा विकून टाकला, सेंट एतिएन या गावात सायकलचं दुकान काढलं आणि सायकलींवर एक मासिकही सुरू केलं. हेच मासिक पुढे 'ल सिक्लिस्त' या नावाने गाजलं. त्यात तो 'वेलोसिओ' या नावाने लिहायचा. दोन वर्षांनी, १८८९ मध्ये, त्याने स्वतःची सायकल बाजारात आणली. तिचं नाव 'ला गोल्वाझ'. चेन होती, गिअर मात्र एकच.

सेंट एतिएनच्या बाहेर पडलं की लगेच कोल द ला रेपुब्लिक नावाचा घाट लागतो. उंची ११६१ मीटर. वेलोसिओ या घाटात नेहमी जायचा. असं सांगतात की एकदा तो चढ चढत असताना त्याच्याच मासिकाचा एक वाचक तोंडात पाइप धरून, आरामात धूर सोडत त्याला ओव्हरटेक करून गेला. मासिकाच्या संपादकाची याहून मोठी फजिती ती काय!

पण वेलोसिओने ही गोष्ट मनाला लावून घेण्यापेक्षा डोक्याला लावून घेतली. एकच गिअर म्हणजे तडजोड. तो जड ठेवला तर चढावर जीव जातो, हलका ठेवला तर सपाटीवर पाय नुसते गरगर फिरतात आणि सायकल पुढे जात नाही. आपण थिअरीत शिकतोच की पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले वेग. माणसाच्या पायांचं इंजिनसुद्धा ठरावीक फेऱ्यांमध्येच नीट चालतं. रस्ता बदलतो, पण पायांची लय बदलायला नको, म्हणून मधलं प्रमाण बदललं पाहिजे. हे आज आपल्याला सोप्पं वाटतं. तेव्हा ते कुणालातरी प्रत्यक्ष करून दाखवावं लागलं.

त्याने केलेला पहिला जुगाड अगदी साधा होता. पुढे एकाच्या जागी दोन चेनव्हील बसवली. घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, हाताने चेन लहान चक्रावर टाकायची, माथ्यावर पुन्हा उतरून मोठ्यावर. हात काळे झाले, पण सायकलला दोन गिअर झाले. मग त्याने डाव्या बाजूलाही चक्रं बसवली आणि गिअर चार झाले. पुढे चालत्या सायकलवर चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा डिरेल्यर आला. तो काही एकट्या वेलोसिओचा शोध नव्हे. त्या काळात बरेच जण त्यावर खटपट करत होते. वेलोसिओचं काम वेगळं होतं. कुणी काही नवीन बनवलं की तो ते घेऊन घाटात जायचा, शेकडो किलोमीटर चालवायचा आणि बरं-वाईट जे दिसेल ते मासिकात छापायचा. आजच्या भाषेत तो टेस्टिंग इंजिनिअर होता, फक्त टेस्ट रिग त्याचे स्वतःचे पाय होते!

विरोधही भरपूर झाला. खरा सायकलपटू एकाच गिअरवर चालवतो, गिअर बदलणं म्हणजे म्हाताऱ्यांचं आणि कमकुवतांचं काम, असं मोठमोठे लोक म्हणत. १९०२ साली फ्रान्सच्या टूरिंग क्लबने डोंगरी रस्त्यावर स्पर्धा घेतली. एका बाजूला एडमंड फिशर हा नावाजलेला रेसर, एका गिअरच्या सायकलवर. दुसऱ्या बाजूला मार्थ एस ही तरुणी, तीन गिअरच्या गोल्वाझवर. मार्थने पाय एकदाही जमिनीला न टेकवता बाजी मारली.

एवढं झाल्यावर वाद मिटायला हवा होता ना? पण नाही. पुढच्याच वर्षी टूर द फ्रान्स ही प्रसिद्ध शर्यत सुरू करणारा आँरी देग्रांज गिअरचा कट्टर विरोधक होता. शर्यत माणसाच्या दमाची असावी, यंत्राची नव्हे, असं त्याचं मत. त्यामुळे त्याचे रेसर घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढायचे, उलटं बसवायचे आणि दुसऱ्या बाजूच्या चक्रावर चेन टाकून पुन्हा निघायचे. डिरेल्यरला या शर्यतीत परवानगी मिळाली थेट १९३७ साली. त्या वर्षी रॉजे लापेबी डिरेल्यर वापरून जिंकला.

वेलोसिओला मात्र हा दिवस बघायला मिळाला नाही. १९३० साली सेंट एतिएनमध्ये सायकल हातात धरून चालत जात असताना ट्रामची धडक बसून तो गेला. तेव्हा त्याचं वय ७६ होतं. शेवटपर्यंत तो शाकाहारी राहिला, एस्पेरांतो भाषेचा पुरस्कार करत राहिला आणि तरुणांना घेऊन लांब लांब सायकल सफरी काढत राहिला. भूक आणि तहान लागायची वाट न पाहता खात-पीत राहावं आणि नुसती ऐट मिरवायला सायकल चालवू नये, असे त्याचे नियम होते. घाटाच्या माथ्यावर त्याचं स्मारक आहे.

आता मूळ प्रश्न. ज्या माणसाने दुसऱ्या चेनव्हीलसाठी आयुष्य घालवलं, त्याचं दुसरं चेनव्हील आपण काढून टाकतोय. म्हणजे शेवटी देग्रांज जिंकला का?

थोडं गणित करूया. नेहमीच्या २१ स्पीड सायकलला पुढे ४२-३४-२४ आणि मागे १४ ते २८ दात असतात. सर्वात जड गिअर ४२ भागिले १४, म्हणजे ३. सर्वात हलका २४ भागिले २८, म्हणजे ०.८६. पूर्ण रेंज ३५० टक्के. पण ४२-२८ चं प्रमाण १.५ आणि २४-१६ चंही १.५! म्हणजे २१ पैकी बरेच गिअर एकमेकांच्या झेरॉक्स कॉप्या आहेत. आता पुढे एकच ३६ दातांचं चेनव्हील आणि मागे ११ ते ४२ घ्या. सर्वात हलका गिअर तोच ०.८६, सर्वात जड ३.२७, रेंज ३८२ टक्के. दहाच गिअर, आणि रेंज मात्र जास्त!

हे आधी का जमत नव्हतं? पुढचा डिरेल्यर काढला की खड्ड्यात चेन उडायची. आता चेनव्हीलला एक दात जाड, एक बारीक असे दात करतात, म्हणजे चेनच्या रुंद आणि अरुंद कड्यांत ते घट्ट बसतात. शिवाय मागच्या डिरेल्यरमध्ये क्लच आला, तो चेन ढिली पडू देत नाही. २०१२ पासून हे सगळं एकत्र मिळायला लागलं आणि माउंटन बाइकमधून पुढचा डिरेल्यर हळूहळू गायब झाला.

पण कन्व्हर्जन करायच्या आधी विचार करा. जुन्या सायकलच्या आट्यांवर फिरवून बसवायच्या फ्रीव्हीलच्या जागी सहसा ११-४२ बसत नाही. त्याला फ्रीहबचं चाक, मोठं चक्र झेपणारा मागचा डिरेल्यर आणि नव्या मापाची चेन लागते. चेनव्हील मागच्या चक्रांच्या मधोमध सरळ रेषेत यावं लागतं. शिवाय दोन गिअरमधलं अंतर साधारण १२ वरून १६ टक्क्यांवर जातं, म्हणजे लय थोडी तुटते. आणि मागची १४-२८ तशीच ठेवून नुसतं पुढचं काढलं, तर रेंज उरते २०० टक्के. मग चढावर पाइप ओढणारे आजोबा तुम्हालाही मागे टाकणार!

म्हणून मला वाटतं, देग्रांज जिंकला नाही. वेलोसिओचं भांडण चेनव्हील किती असावीत यासाठी कधी नव्हतंच. कुठल्याही चढावर माणसाला स्वतःच्या लयीत, पाय न टेकता जाता यावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. त्यासाठी त्याच्याकडच्या लोखंडात दोन चेनव्हील लागली, आपल्याकडे एकात भागतंय. साधन बदललं, हेतू तोच राहिला. साहित्य शिकलेल्या एका व्यापाऱ्याने मत मांडण्याआधी प्रत्येक गोष्ट घाटात चालवून बघितली. आपण तर इंजिनिअर होणार आहोत!