'नागीन'ची पुंगी वाजवणारा सिंथेसायझर : कल्याणजींची गोष्ट

माढ्यातली वरात असो नाहीतर गणपतीची मिरवणूक, कीबोर्डवर 'नागीन'ची धून सुरू झाली की पोरं रुमाल तोंडात धरून डोलायला लागतात. पण मित्रांनो, सिनेमातली ती पुंगी खरी पुंगी नव्हतीच! ते होतं एक इलेक्ट्रॉनिक वाद्य, आणि वाजवणारे होते कल्याणजी वीरजी शहा. पुढे गाजलेल्या कल्याणजी-आनंदजी जोडीतले थोरले भाऊ.

किराणा दुकानातून संगीताकडे

कल्याणजींचा जन्म ३० जून १९२८ चा, कच्छमधला. वडिलांनी मुंबईत गिरगावात किराणा दुकान टाकलं. उधारी फेडता येईना म्हणून एका गिऱ्हाइकाने पैशांऐवजी या मुलांना संगीत शिकवलं, असं सांगतात. आजूबाजूला मराठी-गुजराती वस्ती, त्यामुळे लोकसंगीत आपोआप कानावर पडत होतं.

क्लॅव्हिओलिन म्हणजे काय?

फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ मध्ये बनवलेला हा छोटा कीबोर्ड. आजच्या सिंथेसायझरचा पूर्वजच म्हणा ना! एका वेळी एकच सूर वाजायचा, कॉर्ड नाहीच. आवाजाचा पोत बदलायला समोर खटके, आणि आवाज कमी-जास्त करायला गुडघ्याने ढकलायची दांडी.

उणीवच कामाला आली

१९५४ च्या 'नागीन'चे संगीतकार होते हेमंत कुमार. खऱ्या पुंगीचा आवाज नाकातून आल्यासारखा, आणि मध्ये श्वासासाठी न तुटणारा. क्लॅव्हिओलिनवरही बोट दाबलेलं असेपर्यंत सूर चालूच राहतो. एकच सूर वाजतो ही अडचण इथे अडचण उरलीच नाही, कारण पुंगीतही धून वाजवणारी नळी एकच असते. जोडीला हेमंत कुमार यांचे सहायक रवी यांची हार्मोनियम होती. पुंगी आणि हार्मोनियम, दोन्हींचा आवाज पट्टीच्या कंपनातून येतो, त्यामुळे मेळ मस्त जमला.

बीटल्सने हेच वाद्य १९६७ मध्ये वापरलं, म्हणजे 'नागीन'नंतर तब्बल १३ वर्षांनी!

नाव मात्र उशिरा

'नागीन'च्या संगीताचा फिल्मफेअर पुरस्कार हेमंत कुमार यांना मिळाला. वादक पडद्यामागेच राहतो. कल्याणजींना स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिला सिनेमा मिळाला तो १९५८ मध्ये, 'सम्राट चंद्रगुप्त'. १९९२ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २४ ऑगस्ट २००० रोजी मुंबईत ते गेले.

तुमच्या फोनसाठी धडा

आज एका फुकट ॲपमध्ये शेकडो आवाज मिळतात, आणि तिथेच गोंधळ होतो. सगळे चाळत बसलात तर तुमचा स्वतःचा असा आवाज कधी सापडणार? त्यापेक्षा असं करून बघा: 'मोनो' मोड लावा, एकच आवाज निवडा आणि आठवडाभर तोच वाजवा. सोबत गावातली सनई किंवा संबळ नीट ऐका. सूर कसा सुरू होतो, किती टिकतो, कुठे थरथरतो ते बघा आणि तसाच आवाज ॲपमध्ये घडवायचा प्रयत्न करा. कल्याणजींकडे यंत्र परदेशी होतं, कान मात्र इथलाच होता.