पंडिता रमाबाई : विश्वास रोजच्या कामात

पंडिता रमाबाई म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातला एक परिच्छेद आठवतो. विदुषी, समाजसुधारक, शारदा सदन, एवढ्यावर पेपरात दोन मार्कांची टीप होते. हॉस्टेलच्या कट्ट्यावर विषय निघाला, तर पहिला प्रश्न येतो की त्यांनी धर्म का बदलला. वाद रंगतो, मेस बंद व्हायची वेळ होते आणि सगळे उठतात. मला मात्र पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. बाप्तिस्मा घेतल्यानंतर ही बाई जवळजवळ ३९ वर्षं जगली. एवढी वर्षं तिनं रोज सकाळी उठून काय केलं? माणसाची श्रद्धा बघायची तर ती तिथंच बघायला हवी, असं माझं मत आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला, पण ते मागे हटले नाहीत. रमाबाई संस्कृत शिकल्या त्या आईकडून. हे कुटुंब तीर्थयात्रा करत आणि पुराण सांगत गावोगाव फिरायचं. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचं होतं नव्हतं ते संपलं, आणि काही महिन्यांच्या अंतरानं आधी वडील, मग आई, मग मोठी बहीण गेली. आईची तिरडी उचलायला पुरेशी माणसं मिळेनात, तेव्हा रमाबाईंनी स्वतः भार घेतला. आपल्यापैकी बरेच जण त्या वयात अकरावी-बारावीच्या क्लासला जात होतो.

उरले दोघं, रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. पायी भारत पालथा घालत ते १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, त्या काळात हे किती अवघड असेल याची कल्पना करा. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं नवरा गेला. वय २३, कडेवर मूल आणि माहेर म्हणून जावं असं कोणी शिल्लक नाही.

सिलचरला नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं होतं, तिथं उत्सुकता लागली. पण लगेच काही घडलं नाही. त्या पुण्याला आल्या, १८८२ मध्ये आर्य महिला समाज काढला, त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष देऊन बायकांसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असं सांगितलं. स्वतः डॉक्टर व्हावं म्हणून १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी यायचं, त्यामुळे वैद्यकीचा नाद सोडावा लागला. करिअरचा प्लॅनच कोसळला म्हणा ना.

वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहत होत्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं एक घर दाखवलं. समाजानं पतित म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तिथं माणसासारखं वागवत होते, त्यांची सेवा करत होते. रमाबाईंनी कारण विचारलं, तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची गोष्ट सांगण्यात आली. इथं मला त्यांच्या निर्णयाची किल्ली सापडते. तत्त्वज्ञान त्यांनी भरपूर वाचलं होतं, पण जिला कोणी उंबऱ्यात घेत नाही तिच्याजवळ बसणारी माणसं त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि लहानग्या मनोरमानं बाप्तिस्मा घेतला.

आता कोणी म्हणेल, गोऱ्यांच्या मागे गेल्या. तसं नाही हो! साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, म्हणून त्यांनी तिथल्या भगिनींशी वाद घातला. धर्मगुरू सांगतात म्हणून एखादा सिद्धान्त मान्य करायला त्या तयार नव्हत्या. स्वतः वाचून पटल्याशिवाय हो म्हणायचं नाही, हा बाणा त्यांनी दोन्ही धर्मांत ठेवला. चेल्टनहॅमला त्यांनी शिक्षण घेतलं आणि संस्कृत शिकवलंही. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथं त्यांनी इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिलं, व्याख्यानं दिली. बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ निघालं आणि त्या मंडळानं दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. बालविधवांना राहायला जागा, शिक्षण आणि पायावर उभं राहण्याची संधी. पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. महर्षी कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह १८९३ साली झाला. त्याच वर्षी मोठं वादळ उठलं. संस्थेत धर्मशिक्षण दिलं जाणार नाही असं ठरलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं आणि काही मुली तिथं येऊन बसायच्या. टिळकांच्या केसरीनं टीकेची झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं. बऱ्याच पालकांनी मुली घरी नेल्या.

इथं मी एकाच बाजूनं बोलणार नाही. परक्या घरात मुलगी विश्वासानं ठेवणाऱ्या पालकाला धास्ती वाटणं समजू शकतं, आणि शब्द दिला होता तर त्याचा अर्थ काय हा प्रश्नही खोटा नव्हता. पण आपल्याच घरात दार लावून, लपून प्रार्थना करणं रमाबाईंना अप्रामाणिकपणाचं वाटलं. त्यांनी दार उघडं ठेवलं, त्याची किंमत मोजली आणि उरलेल्या मुलींना घेऊन शाळा चालू ठेवली. आपल्याविरुद्ध लिहिणाऱ्यांना शिव्या देण्यात त्यांनी आयुष्य घालवलं नाही.

मला त्यांच्यातला इंजिनिअर दिसतो तो यापुढे. अमेरिकेची मदत दहा वर्षांची, मग पुढे काय? त्यांनी पुण्याजवळ केडगावला सुमारे शंभर एकर माळरान घेतलं, विहिरी खोदल्या, फळझाडं लावली. बाहेरचा पैसा थांबेपर्यंत बागेचं उत्पन्न सुरू व्हावं हा हिशेब. देवावर भरवसा आणि हातात कुदळ, दोन्ही एकाच वेळी.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या बातम्या वाचून त्यांना स्वतःचे उपाशी दिवस आठवले. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, एवढ्या माणसांना शहरात ठेवता येईना. मग केडगावच्या माळावर राहुट्या उभ्या राहिल्या. तेच मुक्ती सदन. प्लेगच्या सरकारी रुग्णालयात बायकांचे जे हाल होत होते त्याबद्दल त्यांनी वृत्तपत्रात उघड पत्र लिहिलं आणि सरकारची नाराजी ओढवून घेतली. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि सदनाची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांची मेस! आपल्याकडे दोनशे पोरांच्या मेसची कमिटी चालवताना काय होतं ते आपण जाणतो. तिथं दळण, स्वयंपाक, विणकाम, तेलाचा घाणा, गोठा, शेती, छापखाना, सगळी कामं बायकाच शिकल्या आणि त्यांनीच ती केली. अंध मुलींसाठी बार्तीमी सदन होतं. आणि समाजानं टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन. फुलहॅमला जे पाहिलं ते सोळा-सतरा वर्षांनी केडगावच्या मातीत उभं राहिलं.

शेवटची वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. जुनं भाषांतर साध्या बायकांना जड जातं असं त्यांना वाटे. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवायचं काम सदनातल्या मुलींनी केलं. १९१९ मध्ये सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. पण जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं ती मनोरमा २४ जुलै १९२१ ला गेली. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलती एक मुलगी. तरी भाषांतराचं काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि ते बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यात छापून पूर्ण झालं.

१९८९ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. केडगावचं काम आजही चालू आहे. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं, गाडी मिनिटभर थांबते आणि सुटते. मी त्या वाटेनं गेलो की खिडकीतून बघतो आणि विचार करतो, या माळावर पाणी लागेपर्यंत खोदणाऱ्या माणसाच्या मनात काय असेल?

मित्रांनो, तुमचा धर्म कोणता, तुम्ही देव मानता की नाही, हा तुमचा प्रश्न. रमाबाईंचे सगळे निर्णय पटलेच पाहिजेत असंही नाही. पण आपण जे मानतो ते सोमवारी सकाळी आपल्या वागण्यात दिसतं का, हे त्यांच्या आयुष्याकडे बघून स्वतःला विचारता येतं. बॅकलॉग राहिलेला रूममेट, घरून मनीऑर्डर न आलेला ज्युनिअर, रात्री उशिरापर्यंत भांडी घासणारी मेसमधली मावशी, ही माणसं आपल्या रोजच्या वाटेवर आहेत. त्यांच्यासाठी दार उघडं ठेवायला ना पदवी लागते, ना पंडिता ही पदवी!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी