वाघाच्या शिकारीसाठी वेगळी रायफल सांगणारा कॅप्टन फोर्सिथ कोण होता?

गोंदियाहून एक रस्ता नागझिऱ्याला जातो, दुसरा बालाघाटमार्गे कान्हाकडे. आज इथे लोक कॅमेरा घेऊन येतात. दीडशे वर्षांपूर्वी या पट्ट्यात साहेब लोक रायफल घेऊन फिरायचे. त्यातलंच एक मोठं नाव म्हणजे कॅप्टन जेम्स फोर्सिथ.

फोर्सिथचा जन्म १८३८ चा. १८६१ मध्ये इंग्रजांनी नागपूर राजधानी करून मध्य प्रांत तयार केला. आजचा गोंदिया तेव्हा याच प्रांताच्या भंडारा जिल्ह्यात होता. जंगल अफाट, पण सरकारकडे त्याची नीट माहिती नव्हती. ती गोळा करायचं काम तरुण फोर्सिथकडे आलं. १८६२ मध्ये त्याने पंचमढीला बायसन लॉज बांधलं. पंचमढी त्यानेच शोधली असं सांगतात, पण गोंड आणि कोरकू तिथे आधीपासून राहत होतेच.

रायफलचं गणित काय होतं?

रायफलच्या नळीत आतून मळसूत्रासारख्या खाचा असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि नेम साधतो.

पण तेव्हा शिशाची गोल गोळी नळीच्या तोंडातून भरायचे. खाचांचा पीळ घट्ट असला आणि दारू जास्त झाली, की गोळी खाचा सोडून निघायची. म्हणून दारू कमी भरावी लागे. वेग कमी, त्यामुळे गोळी लवकर खाली यायची. अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी वाघ मरायचा नाही, जखमी व्हायचा. मग त्याला शोधायला झुडपात शिरणाऱ्या हाकाऱ्यांच्या जिवावर बेतायचं.

फोर्सिथने उपाय सांगितला: मोठी नळी, अगदी सैल पीळ आणि भरपूर दारू. जवळच्या अंतरावर गोळी जवळपास सरळ जाते आणि जनावर जागीच पडतं. यावर त्याने १८६० च्या दशकात पुस्तकही लिहिलं. पुढे मागून भरायच्या रायफली आणि लांबट गोळ्या आल्या आणि ही पद्धत मागे पडली. तोंडातून भरायच्या बंदुकांचे हौशी लोक मात्र आजही त्याचं नाव घेतात.

मग जंगलाचं काय झालं?

१८७१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी फोर्सिथ गेला. मध्य भारतातल्या डोंगराळ मुलखावरचं त्याचं गाजलेलं पुस्तक त्याच वर्षी, त्याच्या मृत्यूनंतर आलं. त्यात गोंडांचं जगणं, सालवनं, गवे आणि बारशिंगे सगळं आहे.

पण रायफली सुधारत गेल्या, जंगल तुटत गेलं. १९७० मध्ये कान्हात फक्त ६६ बारशिंगे उरले होते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हौसेची शिकार गुन्हा ठरली. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला.

बारशिंग्यांची संख्या कान्हात पुन्हा वाढली आहे. नागझिऱ्याला मात्र ते दिसत नाहीत.