टॉवर शोधणारा फोन आणि गाल्वा

कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये विठ्ठलवाडीच्या आसपास कुणी बंद केलेला फोन पुन्हा सुरू केला, की तो आधी चाचपडतो. जवळचा टॉवर कुठला, त्याची वेळ काय, हे त्याला ठाऊक नसते. ५जी टॉवर साधारणपणे दर २० मिलिसेकंदांनी एक ओळखखूण पाठवतो. अधिक-उणे अशा १२७ चिन्हांची ती माळ शेजारशेजारच्या लहरींवर बसवलेली असते. माळेची तिन्ही ठरलेली रूपे फोनजवळ असतात. प्रत्येक क्षणी तो ती ताडून पाहतो. चुकीच्या रूपाशी गुणून बेरीज केली तर उणे १ येते, बरोबर रूपाशी थेट १२७. एवढा फरक गोंगाटातही लपत नाही.

अशा माळा ज्या गणितातून निघतात, ते मोजक्याच संख्यांच्या क्षेत्रांचे गणित एव्हारिस्त गाल्वाने १८३०मध्ये मांडले. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

त्याचा जन्म २५ ऑक्टोबर १८११ रोजी पॅरिसजवळच्या बूर-ला-रेनमध्ये झाला. वडील तिथले महापौर. जुलै १८२९मध्ये त्यांनी आत्महत्या केली आणि त्यानंतर लगेचच एकोल पॉलितेक्निकच्या प्रवेशपरीक्षेत मुलगा दुसऱ्यांदा नापास झाला. पुढच्या वर्षी त्याने समीकरणांवरचा प्रबंध अकादमीला दिला. तो सचिव फूरिए यांच्याकडे गेला. मे महिन्यात फूरिए वारले आणि प्रबंध पुन्हा सापडलाच नाही. गंमत अशी, की आज फोन असो वा डिजिटल टीव्ही, आलेल्या लहरींची फोड फूरिएंच्याच गणिताने होते. प्रबंध हरवला, पण दोघांचे गणित आता एकाच चिपमध्ये नांदते.

गाल्वा कडवा प्रजासत्ताकवादी होता, त्यापायी तुरुंगात गेला. १८३२मध्ये पॅरिसमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा त्याला तुरुंगातून एका शुश्रूषागृहात हलवले. तुरुंगातल्या कॉलऱ्यातून तो वाचला. ३० मे रोजी मात्र द्वंद्वयुद्धात त्याच्या पोटात गोळी लागली. द्वंद्वाच्या कारणाबद्दल आजही वाद आहे. आदल्या रात्री त्याने मित्र शव्हालिए याला लांब पत्र लिहून आपले गणित सोपवले होते.

दुसऱ्या दिवशी कोशँ रुग्णालयात उदरावरणाच्या दाहाने, म्हणजे पेरिटोनायटिसने, तो गेला. वय २०. आज अशा जखमीचे पोट तातडीने उघडतात, फाटलेले आतडे शिवतात, प्रतिजैविके देतात; बरेच जण वाचतात. तेव्हा पोट उघडण्यासाठी भूलच नव्हती. बॉस्टनमध्ये ईथरची भूल जाहीरपणे दाखवली गेली ती १८४६मध्ये. त्याच वर्षी लिउव्हिल यांनी गाल्वाचे लेखन छापले.